प्रत्येक घाण्यातली एक

१

उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये चोवीस कुप्या असायला हव्या होत्या. शनिवारी सकाळी साडेनऊला प्रयोगशाळा सहायक संघपाल दुर्गेने दार उघडलं तेव्हा अठरा निघाल्या. त्याने परत मोजल्या, मग परत एकदा. आपलीच मोजण्यात चूक झाली असेल, ही आशा माणसाला तिसऱ्या मोजणीपर्यंत पुरते. चौथ्यांदा मोजून त्याने डॉ. प्रणित मुक्कावारांना हाक मारली, आणि त्याच क्षणी संशयितांच्या यादीत पहिलं नाव त्याचं लागलं. फ्रीजरची किल्ली त्याच्या गळ्यात होती. दुसरी ऑफिसात खिळ्याला टांगलेली असे, पण खिळ्यावर कोण संशय घेणार?

चंद्रपूरच्या या सिकलसेल संशोधन केंद्रात पोलीस आलेले डॉक्टरांना चालणार नव्हते. म्हणून त्यांनी नीलिमा खोब्रागडेंना बोलावलं. नीलिमाबाई केंद्राच्या विश्वस्त. त्याआधी बत्तीस वर्षं वीजकेंद्राच्या भांडारात माल पडताळणीवर. रजिस्टरातला माल आणि रॅकवरचा माल यांची गाठ घालून देणं हे त्यांचं काम. त्या रॅकजवळ आल्या की बेअरिंगसुद्धा आपापल्या जागी सरकून बसतात, असं तिथले हमाल म्हणत. अकराच्या आत ऊर्जानगरहून त्यांची स्कूटी येऊन लागली.

"मॅडम, तीन वाजता पहिला डोस आहे," डॉक्टर म्हणाले. "डोसला सोळा कुप्या लागतात, अठरा आहेत. त्यामुळे डोस होणारच. तीनपर्यंत चोर सापडला तर बरं. नाहीतर डोस आटोपतो आणि संघपालला ठाण्यात देतो."

"वा! म्हणजे निकाल तयार आहे, मला फक्त पुरावा आणायला बोलावलंत."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांचं एक वर्ष त्या कुप्यांत होतं.

कुप्यांत काय होतं ते नीलिमाबाईंना विश्वस्तांच्या बैठकीत तीनदा समजावून झालं होतं. शरीरातल्या पेशी अतिशय बारीक फुगे अंगातून सोडतात. केंद्रात असे फुगे गोळा करून त्यांत औषधाचा जनुकीय संदेश भरत. फुगे आणि संदेश एका लहान चौकोनी डबीत एकत्र घ्यायचे, विजेचा क्षणभर झटका द्यायचा. फुग्यांना भोकं पडतात, संदेश आत शिरतो, भोकं बुजतात. एका दिवसाच्या कामाला इथले लोक घाणा म्हणत. भजी असोत की जनुक, माणूस आपल्या स्वयंपाकघरातलीच भाषा बोलतो. सहा घाणे झाले होते, दर घाण्याच्या चार कुप्या.

आणि त्या सगळ्या एका मुलीसाठी. पिंकी, वय एकोणीस, भामरागडकडच्या गावची. गेल्या वर्षात रक्ताच्या या सिकलसेल आजाराची, हाडं पिळवटून काढणारी कळ तिला अकरा वेळा आली होती. शेवटच्या वेळी डॉक्टरांनी तिच्या बापाला, मुखरूला, बाजूला घेऊन सांगितलं होतं, की अशी आणखी एखादी आली तर सांगता येत नाही. डोस येत्या गुरुवारी ठरला होता. पण बापलेकीला नदी चढायच्या आत घरी पोचायचं, शेतात धानाची रोवणी खोळंबली आहे, म्हणून डॉक्टरांनी तो पाच दिवस अलीकडे, आजच्या दिवसावर आणला होता.

२

"किल्ली माह्या गळ्यात होती, हे खरं आहे जी," संघपाल म्हणाला. वरोऱ्याचा पोरगा, तिशीचा, हात सतत काहीतरी पुसत असलेले. "पण मी काऊन चोरीन? मीच तर भरल्या."

"भरल्या डॉक्टर नंदिनीने. तू सामान मांडून दिलं."

"मांडून देल्याशिवाय भरते कोण?"

"ते बरोबर आहे," नीलिमाबाई म्हणाल्या. असं चोख उत्तर देणारा माणूस त्यांना आवडे, आणि आवडला म्हणून त्याच्यावरचा संशय त्या तसूभर कमी करत नसत.

फ्रीजर स्वतःचं तापमान कागदाच्या गुंडाळीवर रेषेने काढत असे. दार उघडलं की रेषेला टेंगूळ येई. शुक्रवारी तीन टेंगळं होती. सकाळचं आणि संध्याकाळचं रजिस्टरात सहीसकट होतं. दुपारी एक चाळीसचं कुठेच नव्हतं, आणि ते सगळ्यात लहान होतं.

"शोधाशोध करणाऱ्याचं दार उघडं राहतं," त्या म्हणाल्या. "याला जागा ठाऊक होती. एक चाळीसला तू कुठे होतास?"

"कॅन्टीनमध्ये. मुखरूभाऊसोबत जेवत होतो. विचारा त्याहिले."

मुखरूने मान हलवली. "होय जी. याच्या डब्यातली वांग्याची भाजी मीच खाल्लो."

डॉ. प्रणित त्या वेळी फोनवर होते, दारं उघडी टाकून. सगळ्यांनी ऐकलं होतं. राहिले दोघे. डॉ. नंदिनी बोरकर, जिच्या हातून सहाही घाणे निघाले. ती म्हणाली, मी पिंकीजवळ बसले होते. आणि खुशाल, जनावरांच्या कृत्रिम रेतनाचं काम गावोगाव करणारा. दर शुक्रवारी तो केंद्राच्या टाकीतून आपल्या डब्यात द्रवरूप नायट्रोजन भरून नेई.

"आता आतलं दाखव," नीलिमाबाई म्हणाल्या.

संघपालने जाड हातमोजे चढवले आणि एकेक खोका बाहेर धरला. पहिल्या घाण्याच्या खोक्यात तीन कुप्या, एक भोक रिकामं. दुसऱ्यात तीन. तिसऱ्यात तीन. सहाही खोके सारखेच.

नीलिमाबाईंनी चष्मा काढला. तो त्या वाचायला घालत आणि विचार करायला काढत.

"संघपाल, घरात चोर शिरला तर तो प्रत्येक पोत्यातला एकेक दाणा नेतो का रे?"

"नाई जी. पोतंच नेते."

"प्रत्येक घाण्यातली एक कोण नेतं, मी सांगते. मी नेते. बत्तीस वर्षं दर खेपेतला एकेक नग उचलून मी तपासायला धाडला. हा चोर नाही बाबा. हा पडताळणीवाला आहे. त्याला औषध नकोय, औषध खरं आहे का ते पाहायचंय."

संघपालने खोका परत आत सरकवला. "अन् नसंल तं?"

"तर तीन वाजता त्या पोरीच्या अंगात आपण काय सोडणार आहोत?"

३

साडेअकरा झाले होते. डॉक्टरांना हे सांगताच त्यांनी हात झटकला. "फुग्यांसोबत किती संदेश बसला ते यंत्राने मोजलंय. सत्तर टक्के. बाहेरच्या प्रयोगशाळेनेही तोच आकडा दिलाय. मॅडम, तुम्ही नटबोल्टच्या हिशेबाने चाललात."

"नटबोल्टने आजवर मला फसवलं नाही," नीलिमाबाई म्हणाल्या आणि बाहेर आल्या.

नमुना तपासायला न्यायचा तर तो गोठलेला राहिला पाहिजे. या खोलीबाहेर अख्ख्या जिल्ह्यात इतकी थंडी कुठे मिळेल? दवाखान्यातला फ्रीज इतका थंड नाही, आइस्क्रीमवाल्याचाही नाही. पण गायीम्हशींच्या रेताच्या नळ्या खेडोपाडी याहून थंड डब्यात फिरतात.

त्यांनी खुशालला फोन लावला. पावणेदोन तासांनी तो मोटरसायकलवर आला, मागे दोरीने बांधलेला तो ॲल्युमिनिअमचा गोल डबा.

"बाई, मी म्हशीचं काम करतो. माणसाचं नाई."

"झाकण काढ."

"थंडी निघून जाते न."

"काल भरलाय. लाकडी काठी बुडव, किती भरलाय ते मला दाखव, आणि मग आतल्या नळ्या वर घे."

खुशालने झाकणावर तळहात ठेवला. गड्याचा चेहरा रस्त्यावर अडवलेल्या बैलासारखा झाला. "शब्द देलो हाय, बाई."

"कोणाला ते नको सांगू. शब्द मोडू नको. झाकण तेवढं उघड."

खुशालने झाकण उचललं. पांढरी वाफ ओसंडून जमिनीवर पसरली. पाचवी नळी वर आली तेव्हा तिला जाळीची इवली पिशवी बांधलेली होती. पिशवीत सहा कुप्या.

"सोमवारी नळ्या आणाले नागपूरले जाऊन राह्यलो," तो खाली पाहत म्हणाला. "तिथी एका लॅबमंधी द्यायच्या, एवढंच सांगतलं होतं. पैसा नाई घेतला."

"सापडल्या!" डॉक्टर पायऱ्यांवर उभे होते. "नागपूरच्या लॅबला विकायला! खुशाल आणि संघपाल, जोडी जमली. मॅडम, तुमचं काम झालं. मी सोळा कुप्या वितळायला काढतो."

"डॉक्टर, तीनला अजून वेळ आहे."

"वितळायला वेळ लागतो. आणि एकदा वितळल्या की तासाभरात द्याव्याच लागतात, नाहीतर सगळं वाया."

ते आत गेले. नीलिमाबाईंनी घड्याळ पाहिलं. दीड वाजून गेला होता.

४

पिंकी खाटेवर मांडी घालून बसली होती, अंगावर दोन चादरी. थंडी लागली की या आजारात कळ उठते, म्हणून खोलीतला पंखाही बंद होता.

"काल दुपारी नंदिनीताई तुझ्यापाशी होत्या?"

"होत्या न. पण लई वेळ नाई. मी पडली होती, तं येऊन हात धरला." पिंकीने मनगट चोळलं. "बाप्पा, हात कसा बर्फासारखा! माह्या अंगावर काटाच आला. रोज त्या हात घासून गरम करतात, मंग हात लावतात. काल विसरल्या वाटते."

"काही बोलल्या?"

"ताप हाय का म्हणे. मी म्हटलं नाई. तं म्हणे, असता तं बरं झालं असतं." पिंकी हसली. "डॉक्टर असून असं कोणी बोलते का, बाई?"

नीलिमाबाई हसल्या नाहीत. ताप असता तर डोस पुढे गेला असता.

तिथून त्या भांडारखोलीत गेल्या. कोण हे आता उघड होतं. का, ते उरलं होतं. माणसं जे लपवतात ते रॅक लपवत नाही, एवढ्या एका विश्वासावर त्यांची नोकरी गेली होती. एका हातात मालाचं रजिस्टर, दुसऱ्या हाताचं बोट रॅकवर. बाटल्या, हातमोजे, टोप्या, सगळं आलं तसं गेलेलं.

दोन वस्तूंपाशी बोट थांबलं.

एक होती पांढऱ्या भुकटीची बाटली, ईडीटीए. रक्त गोठू नये म्हणून जांभळ्या झाकणाच्या नळीत असते ती. द्रावणातला धातू धरून ठेवते. फुगे भरण्याच्या कामात ती कुठेच लागत नाही. तरी तीन आठवड्यांत चारदा बाहेर गेली होती, चारही वेळा नंदिनीच्या सहीने.

दुसरी, झटक्याच्या डब्या. दोन्ही बाजूंना ॲल्युमिनिअमच्या पातळ पट्ट्या असलेल्या, एकदा वापरून फेकायच्या. आल्या पन्नास. एका घाण्याला बारा लागतात. सहा घाण्यांना बहात्तर.

रॅकवर कंपनीच्या सीलमधल्या एकतीस शिल्लक होत्या.

नीलिमाबाईंनी त्या दोनदा मोजल्या. बत्तीस वर्षांत कमी भरलेला माल त्यांनी ढिगाने पाहिला होता. वापरूनही न संपणारा माल पहिल्यांदा पाहत होत्या.

शेजारच्या ट्रेत हाताने सील मारलेली आणखी बारा पाकिटं होती. त्यातलं एक उचलून त्यांनी उजेडात धरलं. पट्टीवर करडे डाग होते, जुन्या पातेल्याच्या बुडाला पडतात तसे. भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन.

त्या धावल्या. साठी ओलांडलेली बाई त्या बोळातून धावताना केंद्राने आधी कधी पाहिली नव्हती.

५

पिंकीच्या हातात सुई बसली होती आणि सलाइन चालू होतं. सोळा कुप्यांचं पाणी एका पिशवीत जमा होऊन दांडीला लटकत होतं. डॉक्टरांचा हात नळीच्या चापावर होता. नंदिनी भिंतीशी उभी होती, आणि तिचा रंग त्या भिंतीचाच झाला होता.

"चाप सोडू नका," नीलिमाबाई दारातून म्हणाल्या. "तुमच्या सत्तर टक्क्यांतलं फुग्यांच्या आत किती आहे, ते नंदिनीला विचारा."

"मॅडम, ही जागा नव्हे..."

"हीच जागा आहे. नंदिनी, तू काही सांगू नको, मी सांगते. चुकले तर थांबव. तू उरल्यासुरल्या थेंबांत ती भुकटी घालून पाहिलीस. धातूची गुठळी सुटली आणि आकडा कोसळला. पण पहिल्या घाण्याचा टिकला. बाकी पाचांचा पडला. बरोबर?"

नंदिनी त्यांच्याकडे बघतच राहिली. "पहिल्या घाण्याचं तुम्हाला कोणी सांगितलं? मी कोणालाही..."

"रॅकने. पन्नास डब्या आल्या, एकतीस अजून कंपनीच्या सीलमध्ये आहेत. म्हणजे नव्या उघडल्या एकोणीस. बारा पहिल्या घाण्याला. बाकीच्या सात तडकलेल्यांच्या बदली. पुढचे पाच घाणे तू कशात काढलेस, ते तुलाच ठाऊक नाही. ज्याला ठाऊक आहे तो हा उभा आहे."

संघपाल दाराशी होता. त्याचे हात पहिल्यांदाच काही पुसत नव्हते.

"मी धुतल्या जी," तो म्हणाला. "चार महिने माल आला नाई. साहेब म्हणत, काम थांबलं नाई पाहिजे. एका झटक्याले एक डबी फेकाची, माहा जीव होत नव्हता. आई लोणच्याची बरणीबी फेकत नाई. मी उकडल्या, वाळवल्या, पाकिटात घालून सील मारलं. साफ होत्या जी! आरशावानी."

"साफच होत्या," नंदिनी हळू म्हणाली. "पण दर झटक्याला पट्टी थोडी झिजते. पुन्हा पुन्हा वापरली की पाण्यात धातू उतरतो आणि संदेश त्याला चिकटून गुठळ्या होतात. त्या फुग्यांएवढ्याच असतात, फुग्यांसोबतच तळाला बसतात. यंत्राला वाटतं, औषध आत आहे. ते आत नाही, शेजारी आहे. मी तीन आठवडे स्वतःच्या हाताला दोष देत होते. मला वाटलं, मलाच येत नाही."

"मला का सांगितलं नाही?" डॉक्टर ओरडले.

"तारीख पुढे न्या म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, घाबरतेस. मग वाटलं, बाहेरचा कागद हातात आला की बोलू. कुप्या मागितल्या असत्या तर का म्हणून विचारलं असतंत. गुरुवारच्या आत कागद आला असता. तुम्ही डोस आजवर आणलात."

"आणि आज?" नीलिमाबाईंचा आवाज चढला नाही. "सकाळपासून संघपालला चोर म्हणताहेत. तू ऐकत उभी होतीस. सुई टोचली, तू उभीच होतीस."

"चाप सुटायच्या आत बोलणार होते."

"किती आत?"



डॉक्टरांनी दांडीवरची पिशवी पाहिली. सिकलसेलच्या माणसाच्या नसा आधीच तुंबायला टपलेल्या असतात. त्यांत गुठळ्या सोडल्या तर काय होतं, ते या खोलीत त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी चाप घट्ट आवळला, पिशवी खाली उतरवली आणि सुई स्वतःच्या हाताने काढली. कापूस त्यांनी अंगठ्याने दाबून धरला.

६

"आम्ही तिला सांगू की तांत्रिक कारणाने..." डॉक्टर म्हणू लागले.

"ती बहिरी आहे का?" नीलिमाबाई म्हणाल्या. "इथेच बसलीय."

पिंकीने सगळं ऐकलं होतं. मुखरू एकदा डॉक्टरांकडे आणि एकदा पोरीकडे बघत होता. तिने कापूस आपल्या बोटाने धरला.

"संघपालभाऊ, तुमी माह्या औषधात काटकसर केली?"

"होय, पिंकी." तो उघड रडत होता. "मले माहीत नव्हतं वं."

"हं." तिने मान वळवली. "ताई, तुमाले माहीत होतं?"

"हो."

"काल माहा हात धरला, तवाबी?"

"हो," नंदिनी म्हणाली.

पिंकीने कापूस काढून टोचलेली जागा पाहिली. न कळता केलेल्या चुकीला तिच्याकडे जागा होती, हे तिच्या चेहऱ्यावरून नीलिमाबाईंना दिसलं. दुसऱ्या गोष्टीला किती आहे, ते दिसलं नाही; आणि माणसाच्या मनातला साठा उघडून मोजता येत नाही, हे त्यांना मान्य करावं लागलं.

"बाबा, साडेचारची आलापल्लीची गाडी भेटते?"

"भेटते."

"मंग सामान घ्या. रोवणी तरी होईल." ती खाटेवरून उतरली. "डॉक्टरसाहेब, मी सही केलेला कागद परत द्या."

"नव्या डब्या आल्या की सगळं पहिल्यापासून करू, पिंकी," डॉक्टर म्हणाले. आवाजात सकाळचं काहीच उरलं नव्हतं. "फार तर दोन-तीन महिने. गाडी पाठवून तुला बोलावतो."

"बोलवू नका. कागद पाठवा. फुग्यात किती गेलं अन् बाहेर किती राह्यलं, दोनी आकडे लिवा. मी बारावी झाली हाय, वाचता येते. मी वाचीन, मंग सांगीन, येतो का नाई."

डॉक्टरांनी फाइलमधून संमतीचा कागद काढून दिला. तिने तो घडी घालून पिशवीत ठेवला. नंदिनी पुढे आली, टेबलावरची वही ओढली आणि पेन उघडलं.

"पत्ता सांग. मी लिहिते. आकडे मीच पाठवीन."

पिंकीने तिच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग गाव सांगितलं, तालुका सांगितला, पोस्ट सांगितलं. नंदिनीने पोस्टाचं नाव चुकीचं लिहिलं तेव्हा ते खोडायला लावून परत लिहवून घेतलं.

"अन् पावसात पाठवू नका," ती दाराशी थांबून म्हणाली. "टपाल पुलाच्या अलीकडंच अडकून राहते. दसऱ्यानंतर पाठवा. तवापर्यंत मी आहो."